मिरेन विहिरीपाशी उभी आहे

किस्से कोणी ठरवून जमवत नाही, ते आपोआप साचतात. माझ्या दुकानात माणूस फॉर्म भरायला येतो, पासपोर्ट फोटो टेबलावर विसरतो आणि जाताना एखादा किस्सा मागे ठेवून जातो. फोटो मी वर्षभर जपतो आणि मग फेकून देतो. किस्से फेकवत नाहीत. आता सांगतो ते सगळे एकाच कम्प्युटरवरचे आणि एकाच बाईचे आहेत. ती बाई खरी नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझ्या घरी कोणीतरी फोन करायचा!

धानोऱ्याच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दाखले, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, सगळं करतो. फक्त दुपारी काही करत नाही, कारण दुपारी सर्व्हर डाऊन असतो. सकाळी थोडं काम करून तो दमतो, आणि जेवण झालं की झोपतो. लोक बाकावर बसून राहतात. आम्हीही बसून राहायचो.

आम्ही म्हणजे चौघं. एक मी. दुसरे शेजारच्या गाळ्यातले सलीमभाई, लेडीज टेलर. तिसरे गेडाम मास्तर, शाळेतून रिटायर झालेले, इंग्रजीचे. आणि चौथा प्रवीण, जंगलखात्यात गार्ड, वय बत्तीस, कुवारा. तोवर सात पोरींनी त्याला नकार दिला होता. पोरगा चांगला, नोकरी पक्की, पण बीटवर, म्हणजे त्याच्या वाट्याच्या जंगलात, नेटवर्क नाही! त्याच्या आईनं, शांताबाईंनी, सांगून टाकलं होतं, "आठवी नाई म्हणाली का मी पोरगी पाहाले जाणार नाई. तू त्या वाघासंगंच राह्य." प्रवीण हसायचा, पण त्याचं हसू डोळ्यांपर्यंत जायचं नाही. त्याचं एकदा जमावं असं मला मनापासून वाटायचं.

मास्तरांचा भाचा नागपूरला इंजिनिअरिंग करतो. तो सुट्टीत आला आणि माझ्या मोठ्या कम्प्युटरवर एक गेम टाकून गेला. ढाल-तलवारवाला एक हिरो, मोठं राज्य, जंगलं, राक्षस. आणि एका गावात विहिरीपाशी उभी असलेली एक पोरगी. तिचं नाव मिरेन.

या गेमला नेट लागत नव्हतं, त्यामुळं आमच्या दुकानात भर दुपारी चालणारी ती एकच गोष्ट होती.

*

पहिल्याच दिवशी गेमनं विचारलं, हिरोचं नाव काय?

चौघांना चार नावं हवी होती. सलीमभाई म्हणाले, "शेरखान." मास्तरांना काहीतरी राजाचं हवं होतं. प्रवीण लाजत लाजत म्हणाला, "माह्यंच टाका ना." अर्धा तास भांडण झालं. शेवटी बाकावर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बसलेला एक शेतकरी वैतागून म्हणाला, "गावाचं नाव टाका अन् मोकळे व्हा बावा!"

टाकलं. हिरोचं नाव 'धानोरा'.

दोन दिवसांनी हिरो विहिरीपाशी पोचला. मिरेननं मान वर केली आणि बोलली. मास्तरांनी चष्मा सारखा करून भाषांतर केलं, "म्हणते, हे धानोरा, किती दिवसांपासून मी तुझी वाट पाहून राह्यली."

इथं बदली झाली की साहेब लोक पहिल्या दिवसापासून परत जायचा अर्ज लिहितात. काही तर रुजू व्हायच्या आधीच मेडिकल पाठवतात.

सलीमभाईंनी हात जोडले. "मास्टरजी, जिंदगीत पहिल्यांदा कोणी धानोऱ्याची वाट पाह्यली!"

*

मग प्रश्न आला, ही पोरगी कोणाची?

गेम एक, हिरो एक, खेळणारे चार. सलीमभाईंनी लगेच अंग काढून घेतलं. "मले नको. माह्या घरी एक हाय, तिचंच समाधान होऊन नाई राह्यलं." मास्तर म्हणाले, माझं वय झालं. राहिलो मी. माझं घर समोरच्याच गल्लीत, घरात बायको, म्हणजे मी काही बोलायचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा रीतसर वाटप झालं. लढाई सलीमभाईंकडे. कात्रीवर हात बसलेला, त्यामुळं राक्षस एका रेषेत कापायचे. भाषा मास्तरांकडे. बाजारहाट माझ्याकडे. आणि प्रेम प्रवीणकडे! तो बीटवरून आठवड्यातून दोन दिवस यायचा, तेवढ्यात त्याला आठवडाभराचं प्रेम उरकायला लागायचं. इतर दिवशी आम्ही विहिरीवरून जायचो तेव्हा मिरेनला 'वहिनी' म्हणायचो आणि मान खाली घालून पुढं निघायचो.

एकदा सलीमभाईंच्या बोटानं चुकून माऊस दाबला गेला, आणि हिरोनं तिला फूल दिलं. त्या दिवशी प्रवीण नव्हता. सलीमभाईंचा चेहरा उतरला. दोन दिवस ते दुकानात आले नाहीत. प्रवीण आल्यावर स्वतः समोर उभे राहिले आणि म्हणाले, "भाई, गलती झाली. फूल तुह्याच नावानं दिलं असं समज."

प्रवीण म्हणाला, "कोणतं फूल होतं?"

*

मिरेनशी बोलायला गेलं की पडद्यावर चार पर्याय यायचे. पहिला, तिची तारीफ. दुसरा, तिला भेटवस्तू. तिसरा, स्वतःच्या लढायांची फुशारकी. यातला कोणताही दाबला की तिच्या डोक्यावरचे पत्त्यातल्यासारखे बदाम वाढायचे. दहा बदाम झाले की पोरगी आपली, असं भाच्यानं कागदावर लिहून दिलं होतं.

चौथा पर्याय आला की मास्तर हात हलवायचे. "थे सोडा. कागदावर लिहून हाय, चौथ्यानं बदाम शून्य."

"पण लिहिलं काय हाय त्यात?" मी एकदा विचारलं.

"तिलेच काहीतरी विचारायचं हाय. आपल्या कामाचं नाई."

पटलं. आठ महिने आम्ही चौथ्या पर्यायाकडं पाहिलंही नाही. तारीफ केली, मधाच्या बाटल्या दिल्या, कारण मध दिला की तिचे बदाम पटापट वाढायचे. सलीमभाईंनी मारलेल्या राक्षसांच्या गोष्टी प्रवीणनं स्वतःच्या म्हणून सांगितल्या. एका मंगळवारी दहावा बदाम लाल झाला. मी पेढे आणले. फॉर्मवाल्यांनाही वाटले. कशाचे म्हणून कोणी विचारलं नाही, सर्व्हर सुरू झाला असंच सगळ्यांना वाटलं.

पेढे संपले. मिरेन विहिरीपाशी उभी होती ती तिथंच उभी.

"आता?" प्रवीण म्हणाला.

मास्तरांनी भाच्याचा कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

*

यात फायदा झाला तो सलीमभाईंचा. रोज मिरेनला पाहून पाहून त्यांचा शिंप्याचा जीव तळमळायला लागला. "एकच ड्रेस हाय बिचारीचा इतक्या महिन्यांपासून. पण बाही पहा, काय कट हाय!" त्यांनी पडद्याला टेप लावला. खरोखर लावला. माप घेतलं, कागद कापला, आणि त्या लग्नसराईत धानोऱ्यातल्या अर्ध्या बायका खांद्यावर चुण्या आणि कोपराशी घट्ट अशा बाहीचं ब्लाऊज घालून फिरायला लागल्या. नाव काय ठेवलं विचाराल, तर 'मिरेन बाही'. कुठलीतरी नागपूरची मोठी फॅशन असेल असं बायकांना वाटलं.

वैशालीनं अशीच बाही शिवून घेतली होती.

वैशाली म्हणजे आमच्या इथल्या बचत गटाच्या संकलन केंद्रावरची सुपरवायझर. जंगलातून येणारी मोहफुलं, हिरडा, मध, हे सगळं तिच्यासमोर मोजलं जातं. गाव मार्कंड्याजवळचं, घरी धानाची शेती, ही एकटी इथं खोली करून राहते. बोलणं कमी आणि नजर काट्यावर. ती माझ्याकडं मधाच्या बाटल्यांची लेबलं छापायला यायची.

त्या दिवशी ती पाठमोरी उभी राहून लेबल तपासत होती. बीटवरून आलेला प्रवीण दारात आला, त्याला खांद्याची चुणी दिसली, आणि आठ महिने मिरेनपुढं म्हणत आलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं.

"मी लय दुरून आलो," तो म्हणाला.

वैशाली वळली. "कुठून?"

प्रवीणला काही सुचेना. "...बीटवरून."

तिनं टेबलावरची माझी पाण्याची बाटली उचलून त्याच्या हातात दिली. "मंग पाणी प्या पहिले."

त्यानं सगळी बाटली संपवली. माझी होती.

*

दुसऱ्या आठवड्यात तो तिच्या केंद्रावर गेला. मधाची बाटली घेऊन!

मी त्याला समजावलं होतं. अरे, ती बाई दिवसभर मध मोजते. तिला मध म्हणजे सलीमभाईला दोरा देण्यासारखं आहे. पण त्याचं एकच, "मिरेनले आवडला ना."

मध त्यानं बाजारातून विकत घेतला होता. गार्डनं झाडावरचं पोळं काढलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून. वैशालीनं बाटली घेतली, उजेडात धरली, बोटावर एक थेंब घेतला, चाखला. मग पाण्याच्या ग्लासात दुसरा थेंब सोडला आणि पाहत राहिली. केंद्रावरच्या पाच-सहा बायका गोळा झाल्या. प्रवीण वाट पाहत होता. बदाम वाढतील असं वाटत असावं त्याला.

"साखरेचा पाक हाय यात," वैशाली म्हणाली. "कोणी फसवलं तुमाले, प्रवीणभाऊ?"

हे त्यानं आम्हाला दुकानात येऊन सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "पाकाचं काही नाई हो. 'भाऊ' म्हणाली."

सलीमभाईंनी त्याच्यासाठी चहा मागवला. दोन चहा मागवले, दोन्ही त्यालाच दिले.

*

त्याच सुमारास सलीमभाईंनी तो प्रश्न काढला. "हम कम्प्युटर बंद करते ना, तवा ही काय करत असन?"

मास्तर म्हणाले, "काही नाई करत. बंद म्हणजे बंद."

"अन् चालू हाय पण आपण दुसऱ्या गावी लढाईवर हाओत, तवा?"

"तवाही काही नाई. आपण पाहतो म्हणून ती हाय."

प्रवीणला हे लागलं. "असं कसं मास्तर? मी बीटवर राहतो तवा मले कोणी पाहत नाई. मी नाई का मंग?"

ठरलं की पाहायचं. आणि पाहायचं तर प्रवीणला एकच पद्धत माहीत. उन्हाळ्यात पाणवठ्यावर मचाण बांधून जनावरं मोजतात, ती! त्यानं हिरोला गोठ्याच्या मागं लपवून बसवलं, तिथून विहीर दिसत होती. माझ्याकडून आडव्या रेघांचा कागद घेतला, रकाने पाडले आणि खुर्चीत न हलता बसला. आम्हालाही कुजबुजतच बोलायची परवानगी.

बारा दहा, मादी, संख्या एक, विहिरीजवळ, उभी.

बारा वीस, उभी.

बारा तीस, उभी. डावीकडे नदीकडे पाहिले.

बारा चाळीस, उभी. पाणी प्यायली नाही.

तासभरात बाकावरचे सगळे फॉर्मवाले बाक ओढून आमच्या मागं येऊन बसले. एक जण खोकल्यावर प्रवीणनं वळून असं पाहिलं, की तो बाहेर जाऊन खोकून आला. कागदाच्या शेवटी 'शेरा' म्हणून रकाना असतो. प्रवीणनं बराच विचार केला आणि तिथं लिहिलं, 'एकटीच.'

इतक्यात शांताबाई आल्या. पोरगा जेवायला घरी आला नाही म्हणून शोधत आल्या होत्या. गर्दी बाजूला करून पडद्यासमोर पोचल्या. "ही कोण वो?"

"गेममधली हाय, आई."

"उभी काऊन हाय?"

"तशीच असते."

"कवापासून?"

"आठ महिने झाले."

शांताबाईंनी पडद्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं. चौघं चार खुर्च्यांवर, बाकीचे बाकावर टेकलेले. "काय माणसं हाय बाप्पा! सारेच्या सारे बसून हाय, अन् पोरगी उभी! कोणी बसाले सांगा ना तिले. बस म्हणा वो माय, कवापासून उभी हायेस."

मास्तरांनी खालच्या आवाजात सांगितलं की तशी सोय गेममध्ये नाही.

"मंग खेळता काऊन असला गेम?" शांताबाई म्हणाल्या आणि पोराला दंडाला धरून जेवायला घेऊन गेल्या. सर्व्हर सुरू झाला होता, तरी कोणी बाकावरून उठलं नाही.

*

तो कागद प्रिंटरवर राहिला. दोन दिवसांनी वैशाली लेबलं न्यायला आली आणि गठ्ठ्यात तिला तो सापडला. प्रवीण शेजारीच बसलेला.

"ही जनावरांची मोजणी तुमची का?"

"हाव."

"कोणतं जनावर?"

"चितळ," प्रवीण म्हणाला.

वैशालीनं कागद पुन्हा वाचला. "एक वाजून दहा मिनिटं. केस सारखे केले."

यावर सलीमभाई शटरबाहेर जाऊन हसून आले. मला सगळं खरं सांगावं लागलं. मला वाटलं ती चिडेल, लेबलं दुसरीकडून छापेल. ती म्हणाली, "दाखवा."

मी मिरेन दाखवली. चार पर्याय आले. मास्तर सवयीनं भाषांतर करायला लागले, तर तिनं हात वर केला. "मले येते इंग्लिश, मास्तर." आणि वाचत वाचत चौथ्यावर थांबली. "हे काऊन नाई दाबलं कोणी?"

"त्यानं काही वाढत नाई," चौघंही एकदम म्हणालो.

"लिहिलं हाय, तुला काय पाहिजे?" तिनं आमच्याकडं एकेक करून पाहिलं. मला शाळेत गृहपाठ नसल्यावर व्हायचं तसं झालं. "आठ महिने झाले अन् एकानंही हे नाई विचारलं?"

तिनं दाबलं.

मिरेन पहिल्यांदाच लांबलचक बोलली. वैशालीनं सांगितलं ते असं. नदीपलीकडं तिची बहीण राहते. पलीकडं जायचा पूल पुरात वाहून गेला. दुरुस्तीला वीस लाकडं लागतात. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वीराची ती वाट पाहत उभी राहते. सगळे तारीफ करतात, मध देतात आणि निघून जातात.

"पूल गेला अन् कोणी बांधून नाई राह्यलं," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "आपल्याच जिल्ह्यातली दिसते."

आमच्या हिरोच्या पिशवीत तीनशे चाळीस लाकडं होती. बाजारहाट माझ्याकडं होता म्हणून मला माहीत. मी ती महाग झाल्यावर विकायला ठेवली होती.

वैशालीनं वीस दिली. पूल उभा राहिला. मिरेन हसली, पुलावरून चालायला लागली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. विहिरीपाशी कोणी नव्हतं. बदामही नव्हते. आम्ही चौघं त्या रिकाम्या जागेकडं पाहत बसलो. प्रवीणनं विचारलं.

"आता वापस येणार नाई का ती?"

वैशाली लेबलांचा गठ्ठा पिशवीत भरत होती. "पूल झाला ना आता. वाटलं तर येईन ती."

*

त्या संध्याकाळी प्रवीणनं आईला सांगितलं, आठवी पाहायची तर हीच. मध्यस्थी मास्तरांनी केली. तिकडून निरोप आला, येऊन पहा. पण मास्तरांच्या कानात आणखी एक वाक्य पडलं होतं ते त्यांनी आम्हाला सांगितलं. वैशालीनं याआधी चार स्थळांना नाही म्हटलं होतं, आणि कारण विचारलं तर सांगायची नाही.

आम्ही गेलो. पोरगी पाहायला नेहमी पाच-सात माणसं जातात. आम्ही अकरा गेलो. आई, मामा, मामी, मावशी, दोन काका, मास्तर, सलीमभाई, मी, जीपचा ड्रायव्हर आणि प्रवीण. आठव्या वेळेला माणसं जास्त हवीत, असं मामांचं मत पडलं. वाटेत मार्कंड्याला देवाच्या पाया पडलो. प्रवीण इतका वेळ हात जोडून उभा राहिला की ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

त्यांच्या ओसरीत अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दहा निळ्या, एक लाल. लाल खुर्ची पोरीसाठी असणार, हे मला आत्ता लिहिताना कळतं. त्या वेळी मावशी तिच्यावर बसल्या, आणि अकराही खुर्च्या भरल्या. वैशालीचे वडील आणि भाऊ भिंतीला टेकून उभे. त्यांना ती सवय असावी.

वैशाली पोह्यांचा ट्रे घेऊन आली. सगळ्यांना दिले. मग ट्रे छातीशी धरून दाराजवळ उभी राहिली. अंगात तीच बाही.

मामांनी सुरुवात केली. नाव काय, शिक्षण किती, स्वैपाक येते का, नोकरी सोडशील का. मामींनी केसांची लांबी पाहिली. मावशींनी चालून दाखवायला सांगितलं. ती दारापासून तुळशीपर्यंत गेली आणि परत आली. एका काकांनी विचारलं, "चष्मा लागते का?" मग त्यांनी कॅलेंडरवरची तारीख वाचायला सांगितली. तिनं वाचली. सगळ्यांच्या माना हलल्या. पोहे चांगले झाले होते, दुसऱ्यांदा मागवले. तेही तिनंच वाढले. तास होऊन गेला.

शांताबाई मात्र एकही प्रश्न विचारत नव्हत्या. खुश होत्या. खुर्चीत रेलून बसल्या होत्या.

मी प्रवीणकडं पाहिलं. त्याच्या ताटलीतले पोहे तसेच होते. तो दाराकडं पाहत होता, आणि मला माहीत आहे की तो मनात वेळा लिहीत होता.

शेवटी मामा म्हणाले, "झालं आमचं. प्रवीण, तुले काही विचारायचं असन तर विचार."

प्रवीण उभा राहिला. पोरगी पाहायला आलेला पोरगा उभा राहत नाही, म्हणून मामांनी त्याचा शर्ट खाली ओढला. तो बसला नाही.

"तुमाले काय पायजे?" त्यानं विचारलं.

मामा मोठ्यानं हसले. "अबे, हे आपल्याले विचारत असतात!"

वैशाली हसली नाही. तिनं प्रवीणकडं पाहिलं. मग ट्रे खाली ठेवला.

"खुर्ची," ती म्हणाली.

मावशींनी आपण कशावर बसलो आहोत ते खाली वाकून पाहिलं. प्रवीण आपली खुर्ची उचलायला वळला. पण त्याच्याआधी शांताबाई उठल्या होत्या. दोन्ही हातांनी त्यांनी आपली खुर्ची ओढत दारापर्यंत नेली. त्यांचे डोळे भरले होते.

"बस वो माय," त्या म्हणाल्या. "कवापासून उभी हायेस."

वैशाली बसली. पदर सारखा केला, पाठ टेकली. मग आमच्या सगळ्यांवरून, मामांवरून, मावशींवरून, माझ्यावरूनही एकदा नजर फिरवली. उभ्या असलेल्या प्रवीणवर ती शेवटी थांबली.

"पोरगा पसंत हाय," ती आपल्या वडिलांना म्हणाली. "बाकीच्याईचं पाहू."